हर्क्युलिसचा उजवा हात

माझ्या सासऱ्यांवर मी जळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून थोरपणाची अपेक्षा करणार नाही.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मँचेस्टरपासून बसने तासाभराच्या अंतरावर एका गावातल्या संग्रहालयात मी गॅलरी अटेंडंट होतो. निळा कोट, चकचकीत बटणं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि दिवसभर उभं राहायचं. पुण्यात इतिहासाची पदवी घेतलेल्या आणि कॉलेजच्या एकांकिकांत दोनदा राजा झालेल्या माणसाला या नोकरीत कमीपणा वाटायला हवा होता. मला तो एक दिवसही वाटला नाही, कारण माझ्या वाट्याला हर्क्युलिसचं दालन आलं होतं.

दालनाच्या मधोमध, माणसाहून मोठ्या आकाराची संगमरवरी जोडी होती. रोमन काळातली, त्याहूनही जुन्या ग्रीक मूर्तीवरून घडवलेली. दोन वीरांची कुस्ती. एक हर्क्युलिस, दुसरा अँटिअस. हा अँटिअस पृथ्वीचा मुलगा. त्याचा पाय जमिनीला टेकला की आई त्याला नवं बळ द्यायची. हर्क्युलिस त्याला आपटतो आणि तो जास्तच ताजातवाना होऊन उठतो. पुन्हा आपटतो, पुन्हा तेच. शेवटी हर्क्युलिसला युक्ती सुचते. तो त्याला मागून धरून उचलतो आणि त्याचा जीव जाईपर्यंत अधांतरी ठेवतो. मूर्तीत तोच क्षण होता. हर्क्युलिसचा डावा हात अँटिअसच्या पोटावर आवळलेला, आणि उजवा हात उंच हवेत, मूठ वळलेली. आता हाणतो की मग हाणतो, अशी.

अटेंडंटनं फक्त तीन गोष्टी बोलाव्यात असा नियम होता. टॉयलेट कुठे आहे, कॅफे कुठे आहे, आणि हात लावू नका. मी पहिल्याच महिन्यात चौथी गोष्ट सुरू केली. कुणी मूर्तीसमोर दोन मिनिटांहून जास्त थांबलं की मी हळूच बाजूला जाऊन उभा राहायचो आणि कुजबुजायचो, "त्याची आई कोण होती, माहीत आहे?" की मासा गळाला लागलाच. मग मी आवाज खाली आणायचो, आणखी खाली आणायचो, आणि शेवटी एकदम उजवा हात वर करून मूठ वळायचो, थेट हर्क्युलिससारखी. शाळेची पोरं मागे सरकायची. एकदा एका आजीबाईंनी डोळे पुसले होते. घरी, बसमध्ये, कौन्सिलच्या कचेरीतल्या खिडकीपाशी मी कुणीही असेन, त्या दालनात पैलवान मी होतो.

आमच्या क्युरेटरबाईंच्या कानावर हे गेलं. मला वाटलं, नोकरी गेली. त्या येऊन खांबाआड उभ्या राहिल्या, पूर्ण गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या, "ऑगस्टमधला बुधवारचा लंचटाइम टॉक तुम्ही द्या." ही व्याख्यानं प्राध्यापक द्यायचे. अटेंडंटनं आजवर फक्त त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तेव्हा ती हॉस्पिटलची ड्यूटी करून आली होती, पाय गरम पाण्यात बुडवून बसली होती. ती तशीच ओल्या पायांनी उठली आणि मला मिठी मारली. ती मिठी मी जपून ठेवली. व्याख्यान अकरा वेळा लिहिलं. बाथरूममध्ये तालीम केली, तेव्हा शेजारच्या इंग्रज गृहस्थांनी भिंत ठोकून मला दाद दिली असं मी मानतो.

आणि जुलैत सासरे आले.

माझी बायको कोल्हापूरची, पैलवानाची मुलगी. तिचे वडील सत्तरीला आलेले, तरुणपणी मोठ्या मैदानांत लढलेले, पुढे तालमीत वस्ताद झालेले. मानेपेक्षा डोकं लहान, दोन्ही कान कुस्तीत मोडून मिटलेले. विमानतळावर त्यांनी दोन्ही बॅगा माझ्या हातून काढून घेतल्या आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून मुलीला विचारलं, "हितं दूध मिळत न्हाई का गं?"

बायको हसली. मी ते हसणं मोजून ठेवलं.

वडील आल्यावर ती दहा वर्षांची झाली. एरवी मला "तू" म्हणणारी, भांडताना तर इंग्रजीतच भांडणारी बाई एकदम "अहो" म्हणायला लागली. सकाळी ते मागच्या अंगणात जोर काढायचे आणि ही चहाचा कप घेऊन खिडकीत उभी. माझ्याकडे तिनं असं कधी पाहिलं होतं? व्याख्यानाच्या दिवशी पाहील, असा मी हिशेब केला होता. म्हणून घरात मी सगळं सोसलं. तांबडा रस्सा सोसला, माझ्या ताटात चौथी भाकरी वाढली गेली तेही सोसलं. माझं दालन शाबूत होतं.

एका सकाळी ती म्हणाली, "अहो, बाबांना तुमच्या म्युझियममध्ये घेऊन जा ना. किती दिवस टीव्हीसमोर बसणार ते?"

काय बोलणार? घेऊन गेलो.

दालनाच्या दाराशी ते थांबले. बूट काढले. वाकून फरशीला हात लावला, तो कपाळाला लावला, जसा तालमीच्या मातीला लावतात. दोन शाळकरी मुलं आणि त्यांची शिक्षिका थक्क होऊन पाहत राहिली. पाच वर्षांत मी दालनात शिरताना माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.

"पैलवान हाईत," ते मूर्तीकडे बघून म्हणाले. "दोगंबी."

मी त्यांना गोष्ट सांगितली. मराठीत, पूर्ण ताकदीनं. आई, माती, आपटणं, पुन्हा उठणं, आणि शेवटी मूठ. माझा हात हवेतच होता, तेव्हा ते मूर्तीमागे गेले. तीन फेऱ्या मारल्या. उकिडवे बसून हर्क्युलिसच्या टाचा पाहिल्या. पाठीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग पुढे येऊन म्हणाले, "गोष्ट लई ग्वाड हाय जावईबापू. हात खोटा हाय."

"कुठला हात?"

"ह्यो वरचा. ह्येचा न्हवंच ह्यो."

मी हात खाली घेतला.

"ह्येचे पाय बघा," ते म्हणाले. "दोनी टाचांवर भार सारखा हाय. पाठ बघा, दोनी बाजूनं सारखी फुगल्या. एका हातानं उचलला असता तर एक अंग खाली गेलं असतं. पाठ म्हनत्या दोनी हात खाली हाईत, आन हात म्हनतोय मी वर हाय. खोटं कोन बोलतंय? पाठ न्हाई बोलत खोटं. आन ह्यो डावा हात बघा. मुठीत काय धरलंय ह्येनं?"

मी पाहिलं. अँटिअसच्या पोटावरचा डावा हात. त्यावरची धूळ मी पाच वर्षं दर सोमवारी मऊ ब्रशनं झाडत होतो. बोटं अर्धवट वळलेली होती, अंगठा वेगळा, आणि मध्ये पोकळी. तळव्यात दगडाचा खडबडीत, तुटका पट्टा. शेजारच्या पाटीवर त्याला "नुकसान" म्हटलं होतं.

"सोताचं उजवं मनगाट धरलंय," सासरे म्हणाले. "मागनं कव घातली की हातानं हात बांधायचा असतो. न्हाईतर सुटतंय गडी. ह्येचा उजवा हात हितं हुता. कवातरी मोडला. मंग कुनीतरी नवा लावला, आन त्येला कुस्ती ठावं नव्हती."

मला काय वाटलं ते नीट सांगतो. हे खरं आहे, हे मला लगेच कळलं. आणि त्याच क्षणी मला ते खोटं असायला हवं होतं. माझ्या व्याख्यानात शेवटी होतं काय? मूठ! ती या माणसानं पाच मिनिटांत, एक अक्षर न वाचता, उतरवून ठेवली होती.

तेवढ्यात क्युरेटरबाई आल्या. पाहुण्यांना हात जोडून नमस्कार केला आणि मला विचारलं, "काय म्हणतायत ते? किती बारकाईनं बघतायत!"

मी म्हणालो, "ते म्हणतात, फार सुंदर मूर्ती आहे."

बाई खूश होऊन गेल्या. सासरे माझ्याकडे बघत होते. "मी येवढं बोललो, आन तुमी चार शब्दांत उरकलं?"

"इंग्रजी आखूड भाषा आहे, मामा."

"असंल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून कोट घालून तयार. तिसऱ्या दिवशीही. माझ्या दालनातल्या बाकावर ते दिवसभर बसायचे, आणि लोक माझ्याकडे न येता त्यांच्याकडे जायचे. मुलं त्यांच्या कानांना हात लावून बघायची. मूर्तीला हात लावायला बंदी होती, यांना नव्हती.

शेजारच्या दालनात जुनी नाणी होती, आणि त्यांच्यावर पहारा करणारा एक विगन गावचा अटेंडंट होता, साठीकडे झुकलेला. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत काम करायचे आणि शनिवारी कुस्ती खेळायचे, तिकडची, लँकशायरची. या दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. चहाच्या खोलीत पहिल्याच दिवशी विगनवाल्यानं सासऱ्यांचं मनगट धरलं, सासऱ्यांनी ते सोडवलं, मग सासऱ्यांनी त्याचा कोपर धरला, आणि पुढची वीस मिनिटं दोघं लहान मुलांसारखे खिदळत होते. माझा चहा सांडला. तो पुसायला कुणी आलं नाही.

मंगळवारी विगनवाला मला म्हणाला, "तुझे सासरे मला त्या मूर्तीच्या हाताबद्दल काहीतरी सांगतायत. मला पाठीमागून उचलतात, मग वरती बोट दाखवतात आणि मान हलवतात. काय म्हणायचंय त्यांना? आपण क्युरेटरला विचारू या का?"

उद्यापर्यंत हा वर बाईंकडे जाईल, आणि मग व्याख्यान, खुर्च्या, टाळ्या, सगळं त्या बाकावर बसलेल्या माणसाकडे जाईल. मी म्हणालो, "विचारतो मी त्यांना." आणि तडक वरच्या मजल्यावर गेलो. स्वतःच.

"बाई, त्या उजव्या हाताबद्दल माझ्या मनात एक शंका आहे," मी म्हणालो.

टाचा सांगितल्या. पाठ सांगितली. डाव्या मुठीतली पोकळी सांगितली. बाई उठून उभ्या राहिल्या. टॉर्च घेऊन माझ्यासोबत खाली आल्या, फरशीवर गुडघे टेकून तो तळवा पाहिला. तो उजवा हात दोनशे वर्षांपूर्वी कुणा इटालियन कारागिरानं जोडला होता, हे त्यांना ठाऊक होतंच. पण मूळचा हात कसा असेल याचा विचार कुणी केला नव्हता. "तुम्हाला हे कसं सुचलं?" त्यांनी विचारलं.

"पाच वर्षं रोज बघतोय," मी म्हणालो. हे वाक्य अक्षरशः खरं होतं. त्यामुळे खोटं बोलायला फारच सोयीचं पडलं.

सासरे बाकावरून हे सगळं पाहत होते. संध्याकाळी जेवताना ते मुलीला म्हणाले, "त्या बाईनं आज बत्ती घिऊन हात बघिटला. मी सांगितलं न्हवतं, खोटा हाय म्हनून?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही सांगितलंत त्यांना बाबांचं?"

"सांगितलं," मी म्हणालो. सांगितलं होतंच. कुणाचं, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

पुढच्या आठवड्यातल्या माझ्या व्याख्यानाला साठेक माणसं आली. क्युरेटरबाईंनी विद्यापीठातून दोन जाणकार बोलावले होते. पहिल्या रांगेत माझी बायको, ड्यूटीतून थेट आलेली, युनिफॉर्मवर कार्डिगन घातलेली. तिच्या शेजारी सासरे. त्यांनी फेटा बांधला होता! महिनाभर बॅगेत ठेवलेला कोल्हापुरी फेटा, माझ्या व्याख्यानासाठी. मी उभा राहायच्या आधीच निम्मे लोक त्यांच्याकडे पाहत होते.

मी गोष्ट सुरू केली. मी चांगला बोललो. नम्रपणाचा इथे काही उपयोग नाही, मी उत्तमच बोललो. बायको वडिलांच्या कानाला लागून हळूहळू मराठी करत होती. आई, माती, आपटणं. सासरे मान डोलावत होते. मग मी मूर्तीकडे वळलो आणि म्हणालो, "माझ्या असं लक्षात आलं की..."

तिचं भाषांतर थांबलं.

मी टाचा सांगितल्या, पाठ सांगितली, मूठ सांगितली. माझ्या, माझ्या, मला, मी. बायको समोर पाहत बसली होती. सासऱ्यांनी तिला कोपरानं ढोसलं, "काय म्हनत्यात?" ती त्यांच्या कानात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, मला आजतागायत माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

विद्यापीठाच्या एका जाणकारानं हात वर केला. "रंजक आहे. पण अशा पकडीत एवढ्या वजनाचा माणूस उचलता येतो का? कुणी करून पाहिलंय?"

मी पाण्याची बादलीसुद्धा दोन हातांनी उचलतो.

मागून विगनवाला ओरडला, "ते फेटेवाले बाबा उचलतात! मला चहाच्या खोलीत उचललंय की!"

सगळ्या माना वळल्या. सासरे मला म्हणाले, "काय म्हनत्यात ती?"

अजूनही माझ्या हातात होतं. ते म्हणतायत फेटा छान आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बायकोला दोन्ही भाषा येतात.

"म्हणतायत, करून दाखवा," मी म्हणालो.

ते उठले. बूट काढले. कोट काढून मुलीच्या मांडीवर ठेवला. मूर्तीला सलामी दिली, दंडावर थाप मारली. त्या आवाजानं दालन घुमलं. आणि म्हणाले, "या जावईबापू."

मागून दोन हात माझ्या बरगड्यांखाली आले, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि फरशी गेली. माझा किल्ल्यांचा जुडगा हवेत वाजत होता. मी खाली पाहिलं तेव्हा मला माझ्या पोटावर तीच मूठ दिसली. मी दर सोमवारी झाडायचो ती. फक्त आता तिच्यात मनगट होतं. सगळं इतकं उघड होतं की मला हसू यायला हवं होतं, पण हसायला छातीत हवाच नव्हती. त्यांनी मला हळूच एक फेरी फिरवलं, म्हणजे मागच्या रांगांनाही दिसावं. मग फुलदाणी ठेवावी तसं खाली ठेवलं.

टाळ्या! मला पाच वर्षांत मिळाल्या नव्हत्या तेवढ्या, आणि त्यातली एकही माझी नव्हती. बायको उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिचा चेहरा तोच होता, ज्याच्यासाठी मी अकरा वेळा व्याख्यान लिहिलं होतं. ती पाहत होती वडिलांकडे.

क्युरेटरबाई पुढे आल्या, डोळे चमकत होते. "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून शोधलंत तर?"

केवढी दयाळू बाई! अर्धा वाटा माझ्या पुढ्यात सरकवला होता. फक्त हो म्हणायचं होतं. मी बायकोकडे पाहिलं. आता ती माझ्याकडे बघत होती आणि टाळ्या वाजवायची थांबली होती.

"नाही," मी म्हणालो. श्वास अजून लागला होता, त्यामुळे आवाजात नाटक आणायला वाव नव्हता. "यांनी शोधलं. पहिल्याच दिवशी, पाच मिनिटांत. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. आणि नंतर वर येऊन माझं म्हणून सांगितलं."

इंग्रज माणसं अशा वेळी आपापल्या बुटांकडे पाहतात. साठ माणसांनी पाहिलं.

सासऱ्यांनी मुलीला विचारलं आणि या वेळी तिनं सगळं सांगितलं, एकेक शब्द. मी वाट पाहिली. खरं सांगतो, मला शिवी हवी होती. एक सणसणीत कोल्हापुरी शिवी खाल्ली असती तर आमची बरोबरी झाली असती.

"मंग?" ते म्हणाले. "डाव सांगायचाच असतोय की. तुमी सांगितला नसता तर ह्यास्नी कळला असता का? मला कुठं विंग्रजी येतंय!" आणि माझी पाठ थोपटली. थोपटणं त्यांच्या मते हलकं होतं.

मोठेपणाही त्यांच्याकडेच निघाला. तेवढा तरी माझ्यासाठी सोडायला काय हरकत होती?

उरलेला अर्धा तास ते बोलले आणि मी भाषांतर केलं, या वेळी शब्दाला शब्द. परतीच्या बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून झोपले. बायको माझ्या शेजारी बसली होती. मग, वडील झोपलेत याची खात्री करून, म्हणाली, "तू मूर्ख आहेस." "तू" म्हणाली. एवढंच मला पुरलं.

पुढच्या वसंतात तो इटालियन हात काढून पेटीत ठेवला. मूर्तीला आता उजवा हात नाही, आणि ती आधीपेक्षा चांगली दिसते, हे मला कबूल करावं लागतं. नव्या पाटीवर शेवटच्या ओळीत कोल्हापूरच्या एका निवृत्त पैलवानाच्या निरीक्षणाचा उल्लेख आहे. अटेंडंटचा नाही. असावा असं माझंही म्हणणं नाही. पण रोज सकाळी मी ती ओळ वाचतो आणि रोज मला थोडं टोचतं.

गोष्ट मी अजून सांगतो. आता शेवटी मूठ नाही, त्यामुळे सासरे सांगावे लागतात. फेटा, थाप, माझे हवेत लटकणारे पाय, सगळं. दहा वर्षं झाली, पोरांना तोच भाग सगळ्यांत आवडतो. कुणी अँटिअसचं काय झालं विचारत नाही. परवा एका मुलीनं विचारलं, ते आजोबा आणि हर्क्युलिस यांची कुस्ती झाली तर कोण जिंकेल?

पृथ्वीच्या मुलाला मारणारा वीर माझ्यासमोर उभा होता. माझी सगळी निष्ठा, पाच अधिक दहा वर्षांची, त्याच्या बाजूला होती.

"आजोबा," मी म्हणालो. हर्क्युलिसनं मला कधी उचललेलं नाही.